टाचेच्या दुखण्यावर इलाज आहे. न दुखणाऱ्या पायाचं काय?

त्या संध्याकाळी माहेरी गेले तर शहाबादी फरशीवर एकाच पायाचे ठसे उमटलेले दिसले. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून पलंगापर्यंत. टाचेचा भाग पुसट, चवड्याच्या जागी तांबूस डाग, काही ठिकाणी वाळून काळपट झालेला. अण्णा पलंगावर पाय पसरून पेपर वाचत होते. आईला वाटलं, कुंकू सांडलंय.

"अण्णा, पाय दाखवा बघू."

उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढा जाड घट्टा होता आणि त्याच्या मधोमध चपलेचा एक बारका खिळा रुतून बसला होता. चपलेचा तळ झिजला तसा तो आतून वर आला असणार. सकाळी साडेसहाला ती चप्पल घालून अण्णा बाहेर पडले, कारखान्यात पूर्ण पाळी केली, येताना कन्ना चौकातून भाजी आणली. "काय दुखलंच नाही की," म्हणाले. खरंच दुखलं नव्हतं. त्यांना शुगर होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय दुखणारी माणसं माझ्याकडे रोज येतात. यंत्रमागावर उभे राहणारे, शाळेतल्या बाई, एसटीतले कंडक्टर, दिवसभर ओट्यापुढे उभ्या असणाऱ्या गृहिणी. पण जो पाय दुखतो तोच माणूस दवाखान्यात घेऊन येतो. जो दुखायचा बंद झालाय तो घरीच राहतो, कारण तक्रारच नसते. अण्णांचा पाय असाच घरी राहिला होता, माझ्या डोळ्यांसमोर. म्हणून या लेखात दोन्ही पायांबद्दल लिहिते. आधी दुखणाऱ्या, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना हवं असतं. आणि मग न दुखणाऱ्या, कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही.

टाच, आणि सकाळचं पहिलं पाऊल

घोट्याखालचा भाग एवढाच पाय धरला तरी त्यात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत. दोन्ही पायांची मिळून ५२ हाडं, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा पायांतच. एवढे तुकडे लागतात, कारण पायाला दोन उलटसुलट कामं करायची असतात. टाच टेकते तेव्हा सैल होऊन जमिनीचा उंचसखलपणा सामावून घ्यायचा, आणि लगेच चवड्यावरून शरीर पुढे ढकलताना पहारीसारखं ताठ व्हायचं. हे ताठ होणं जमतं ते तळव्याखालच्या एका जाड पट्ट्यामुळे. टाचेच्या हाडापासून निघून तो बोटांच्या मुळाशी जाऊन चिकटतो. मांडी घालून बसा आणि पायाचा अंगठा हातानं मागे ओढा. दुसऱ्या हाताच्या बोटानं तळवा चाचपा. दोरीसारखं ताठ काहीतरी लागेल. तोच तो पट्टा.

हा पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे रोजच्या ताणानं झिजतो, सुजतो. चिठ्ठीवर डॉक्टर 'प्लांटर फॅसायटिस' लिहितात. ओळखायला फार तपासण्या लागत नाहीत. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते, दहा-वीस पावलं चाललं की पाय 'सुटतो', आणि दुपारी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. रात्रभर पट्टा आखडलेला असतो आणि पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून असं. साधारण चाळीस ते साठ या वयात हे जास्त दिसतं. वजन वाढलेलं, पोटऱ्या आखडलेल्या, कडक फरशीवर तासन् तास उभं राहायचं काम, यातलं काही असेल तर अधिकच.

बरेच जण एक्स-रे घेऊनच येतात. "मॅडम, हाड वाढलंय." टाचेच्या हाडाला पुढे आलेलं ते टोक ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशांच्या एक्स-रेतही सापडतं, आणि टाच पूर्ण बरी झाली तरी ते तिथेच असतं. त्यामुळे हाड कापायचं का, या काळजीनं झोप उडवू नका.

इलाज साधा आहे, पण चिकाटी लागते. पलंगावरून उतरायच्या आधी, बसल्या जागी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, पायाची बोटं हातानं आपल्याकडे ओढा, तळव्यातला पट्टा ताठ लागला की दहा आकडे मोजा आणि सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यातलं पहिलं पहिल्या पावलाआधी. शिवाय भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून पोटरी ताणायची. संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवली तर आराम पडतो. मात्र तळव्याला नीट संवेदना असेल तरच.

आणि घरात चप्पल. इथे माझं सगळ्यांशी भांडण होतं. "घरात चप्पल? देव असतात मॅडम." घरातली जोडी वेगळी ठेवा, बाहेर नेऊ नका, देवघराशी काढा, पण ओट्यापाशी दोन-दोन तास फरशीवर अनवाणी उभं राहू नका. टाचेखाली थोडी जाड आणि मऊ, कमानीला आधार देणारी चप्पल हे या आजारात अर्धं औषध आहे. बहुतेकांची टाच एवढ्यावर काही महिन्यांत बरी होते. काहींना वर्ष लागतं. टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर पटकन बरं वाटतं, पण त्याचा आराम काही आठवड्यांचा, आणि कधीकधी त्यानं तो पट्टाच तुटतो. म्हणून ते पहिल्याच भेटीत मागू नये.

टाच सोडून बाकीची दुखणी थोडक्यात. टाचेच्या मागे, जाड दोरीसारख्या बंधावर दुखत असेल तर तो पोटरीच्या स्नायूबंधाचा त्रास. चवड्यात तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये आग होत असेल, आणि चप्पल काढून चोळलं की बरं वाटत असेल तर तिथली नस दबते आहे. चवड्याला रुंद चप्पल घ्या. रात्री अचानक अंगठ्याचा सांधा लाल होऊन चादरही सोसवेनाशी झाली तर यूरिक ॲसिड तपासा. लहान मुलांचा पाय सपाट दिसतो म्हणून घाबरू नका. पोराला चवड्यावर उभं करा. कमान उमटली आणि दुखत नसेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही.

उभ्या कामाचा पाय

सोलापुरात आपण टॉवेल-चादरीचं कौतुक करतो. तो टॉवेल निघतो तेव्हा त्याच्यापाशी एक माणूस आठ-दहा तास उभा असतो. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते पोटरीच्या जोरावर. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. शिरांच्या आत झडपा असतात, त्या ते खाली परत येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं की हा पंप बंद. रक्त साचतं, शिरा फुगतात, झडपा नीट मिटेनाशा होतात. मग पोटरीवर निळ्या-हिरव्या गाठीदार शिरा, संध्याकाळी मोज्याच्या इलास्टिकचा वण, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट-तपकिरी, खाज, आणि शेवटी तिथेच एक जखम जी महिनोन् महिने वाहत राहते. ही जखम मलमानं भरत नाही, कारण बिघाड शिरांत असतो. घट्ट पट्टी किंवा दाबाचे मोजे हा मुख्य इलाज, आणि गरजेप्रमाणे लेसर किंवा ऑपरेशन. पण दाबाचे मोजे दुकानातून आपल्या मनानं आणू नका. पायाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर तो दाब घातक ठरतो. कामावर दर अर्ध्या तासानं जागच्या जागी वीस वेळा टाचा उचला, घरी आल्यावर पाय उशीवर ठेवा, एवढं आजपासून करता येईल.

एकच पाय एकाएकी सुजला, पोटरी कडक होऊन दुखायला लागली, तर थांबू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याच दिवशी दवाखाना.

विडी वळणाऱ्या बायकांचं वेगळंच असतं. सूप मांडीवर घेऊन एकाच आसनात तासन् तास बसायचं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या डोक्याशी एक नस अगदी कातडीखालून जाते. मांडी घालून किंवा उकिडवं फार वेळ बसलं की ती दबते. उठल्यावर पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चप्पल फटफट आपटते. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत सुधारतं, पण 'पाय झोपलाय' म्हणून दोन-दोन महिने घरी बसू नये.

लंगडणं हे औषध असतं

आता तो दुसरा पाय.

शरीरातल्या सर्वांत लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा खराब होतात, आणि जी नस सर्वांत लांब ती आधी मार खाते. म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते आणि मोजा चढवावा तसा बधिरपणा वर चढत जातो. काहींना आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखं वाटतं. काहींना यातलं काहीच होत नाही. पाय गुपचूप बधिर होतो. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊनही असा त्रास होतो, तेव्हा ती तपासणी करून घ्यावी. तो भाग इंजेक्शन-गोळ्यांनी सुधारण्यासारखा असतो.

नसा गेल्या की नुसता स्पर्श जात नाही. पायातल्या लहान स्नायूंना जाणाऱ्या नसा अशक्त झाल्या की बोटं वाकडी होतात, चवड्याची हाडं खाली दबतात. घामाच्या नसा गेल्या की कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, आणि भेगेतून जंतू शिरतात. चवड्यावर दाब वाढला की शरीर तिथे कातडी जाड करतं, तो घट्टा. आपल्याला वाटतं घट्टा म्हणजे संरक्षण. प्रत्यक्षात तो आतल्या मांसाला बुटातल्या खड्यासारखा टोचत राहतो. घट्ट्याखाली काळसर-लाल ठिपका दिसला तर समजा, आत जखम झालेली आहे आणि वर झाकण आहे.

तरी खरा प्रश्न जखम होते हा नाही. जखमा सगळ्यांनाच होतात. तुमच्या तळव्याला काटा लागला तर तुम्ही काय करता? लंगडता. मुद्दाम ठरवून नाही. आपोआप पायाची कड टेकवता, वजन दुसऱ्या पायावर टाकता, पाटावर बसून राहता. जखमेला दोन-चार दिवस आराम मिळतो आणि ती भरते. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. तो जखमेवर सगळं वजन टाकून चालत राहतो. दिवसाला त्या पायाची हजारच पावलं धरली तरी हजार वेळा तीच जखम चिरडली जाते. वर कितीही भारी मलम लावा.

ही गोष्ट जगाला नीट उमगली ती भारतात, आणि मधुमेहामुळे नव्हे तर कुष्ठरोगामुळे. डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक, जन्म १९१४ साली तामिळनाडूतल्या डोंगराळ भागात मिशनरी आई-वडिलांच्या पोटी, १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तेव्हा समजूत अशी की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी रुग्णांचं रोजचं आयुष्य जवळून पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की बोटं 'झडत' नाहीत; संवेदना नसल्यानं ती भाजतात, कापतात, घासतात, आणि माणूस तीच वापरत राहतो. झोपेत उंदीर कुरतडायचे तरी जाग यायची नाही. उंदरांचं हे आजही घडतं, मधुमेही पायांच्या बाबतीत. मग दुखणं नसलेल्या पायाला जपायचं कसं यावर काम सुरू झालं. तळव्याच्या आकाराला अगदी लगटून बसणारं, गुडघ्याखालपर्यंतचं प्लास्टर घालायचं, म्हणजे चालताना वजन एका जागी न पडता सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर पसरतं. ही युक्ती भारतात कुष्ठरोग्यांसाठी वापरात आली आणि ब्रँड यांनी ती पुढे अमेरिकेत नेली. मधुमेहाच्या तळव्यावरच्या जखमेसाठी सहज काढता न येणारं असं प्लास्टर किंवा तसाच बूट हा आजही सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो. मी रुग्णांना सांगते, हे प्लास्टर म्हणजे उसनं लंगडणं आहे. तुमचा पाय लंगडायचं विसरलाय, तर ते प्लास्टर लंगडतं.

अण्णांच्या बाबतीत आमचे चार आठवडे वाया गेले. जवळच्या एका दवाखान्यात दिवसाआड ड्रेसिंग होत होतं, अँटिबायोटिक चालू होतं, आणि अण्णा त्याच पायावर चालत ड्रेसिंगला जात होते. कुणीही 'पाय टेकवू नका' म्हणालं नाही. मीही पट्टीकडे बघत राहिले, पावलांकडे नाही. पाचव्या आठवड्यात प्लास्टर बसलं आणि त्यानंतर सात आठवड्यांत जखम भरली.

घरी करायची परीक्षा

यंत्र लागत नाही. शुगर असलेल्या माणसाला पाय पसरून झोपवा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाला अलगद लावा, एक-दोन सेकंद, दाबू नका. मग मधल्या बोटाला, मग करंगळीला. तसंच दुसऱ्या पायाला. एकूण सहा जागा. स्पर्श कळला की 'हं' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर तो पाय धोक्याच्या यादीत गेला, आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगायचीच. ही चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी रूढ केली. दवाखान्यात हेच नायलॉनच्या दोऱ्यानं करतात. तो दोरा बरोबर दहा ग्रॅम जोर पडला की वाकतो. तेवढाही स्पर्श कळत नसेल तर संरक्षक संवेदना गेली असं धरतात. सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा चिमट्यासारखा काटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्यावर ठेवून थरथर कळते का तेही पाहतात.

दुसरी तपासणी रक्तपुरवठ्याची. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते. ती लागत नसेल तर घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब असा आकडा काढतात. ०.९ च्या खाली आला तर पायाकडे जाणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्यात. मधुमेह्यांच्या वाहिन्या कडक होऊन हाच आकडा १.३ च्या वर फसवा येऊ शकतो, तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही. थोडं चाललं की पोटरीत गोळा येणं, थांबलं की बरं वाटणं, ही वाहिन्या अरुंद झाल्याची खूण. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे फार. तरुण वयात, शुगर नसतानाही, तंबाखूमुळे हातापायांच्या वाहिन्या बंद पडून बोटं काळी पडतात. बर्गर यांच्या नावानं हा आजार ओळखला जातो आणि त्यात तंबाखू पूर्ण सोडण्याला पर्याय नाही. दिवसाला एक विडीसुद्धा नाही.

आता आपल्या घराघरांत होणाऱ्या काही गोष्टी. बधिर पाय गरम पाण्यात बुडवणं. पाणी किती गरम आहे ते तो पाय सांगू शकत नाही. कोपर बुडवून बघा किंवा घरातल्या दुसऱ्याला बघू द्या. मिठाच्या पाण्यात अर्धा-अर्धा तास पाय भिजवून ठेवणंही नको, कातडी फुगून फाटते. भेगेला किंवा भोवरीला बिब्बा लावणं. बिब्ब्यानं भाजलेले तळवे मी पाहिलेत, आणि अशा पायाला ते भाजणं जाणवतही नाही. औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टी. तिच्यातलं ॲसिड कुरूप आणि निरोगी मांस असा भेद करत नाही. ब्लेडनं घट्टा कापणं. हे सगळं बंद. घट्टा डॉक्टरांकडून तासून घ्या. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे कोरू नका, नाहीतर नख मांसात रुततं. पाय रोज धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. पावसाळ्यात चिखल्या होतात त्या इथेच, आणि तीच जंतूंची वाट ठरते. तेल किंवा क्रीम तळव्याला आणि टाचेला लावा, बेचकीत नको.

बायकांनी जोडवी बघावीत. पाय सुजले की जोडवं बोटात रुततं, त्याच्याखाली कातडी पांढरी पडून फाटते, आणि ते वर्षानुवर्षं न काढल्यामुळे कुणाला दिसत नाही. सैल करून घ्या. काढायची वेळ आली तर काढा. सौभाग्य बोटात अडकलेलं नसतं.

चपलेबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण अण्णांचा घात तिनेच केला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या यादीत आपला सोलापूर जिल्हाही आहे. अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीनं शिवतात, तिच्यात खिळा नसतो. अण्णांची तसली नव्हती. बाजारातली साधी, खिळे मारून तळ बसवलेली. पण बधिर पायाला अस्सल कोल्हापुरीही चालत नाही. अंगठा घासतो, तळ कडक असतो, मागे पट्टा नसल्यानं ती धरून ठेवायला बोटं वाकवावी लागतात, आणि निसटली तरी कळत नाही. अशा पायाला मागे पट्टा असलेली, बोटांना मोकळी जागा देणारी, आतून मऊ आणि खालून टणक चप्पल हवी. सर्जिकल दुकानात 'एमसीआर चप्पल' मागा. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर, तेही मुळात कुष्ठरोग्यांच्या पायांसाठीच वापरात आलं. विकत घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि काढून कातडी लाल झालीय का बघा.

आणखी एक गोष्ट, फार कमी लोकांना माहीत असलेली. बधिर पाय जखम नसताना अचानक लाल, गरम आणि सुजलेला झाला, दुखत मात्र फारसा नसेल, तर तो मुरगळला असं समजू नका. आतली हाडं नकळत मोडत असू शकतात. फ्रेंच डॉक्टर शार्को यांच्या नावानं हा आजार ओळखतात. सुरुवातीला एक्स-रे अगदी नीट येतो, म्हणून 'काही नाही' म्हणून पाठवलं जातं, आणि माणूस चालत राहतो. मग कमान ढासळते, तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो आणि तिथे जखम होते. हात लावून पाहा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का? दोन अंश सेल्सिअसचाही फरक पुरेसा आहे. चालणं तिथेच थांबवून डॉक्टर गाठायचा.

कुणाकडे जायचं

इंग्लंड-अमेरिकेत पायांचा वेगळा तज्ज्ञ असतो, पोडियाट्रिस्ट. ब्रिटनमध्ये त्याची तीन वर्षांची पदवी आहे, अमेरिकेत कॉलेजनंतर चार वर्षांचं शिक्षण आणि मग रुग्णालयात तीन वर्षं. नखं कापण्यापासून पायाच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळं तो बघतो. आपल्याकडे ही शाखा अजून फारशी रुजलेली नाही. एकाच पायासाठी तीन-चार दारं हिंडावी लागतात, आणि माझ्या मते पाय गमावण्याचं एक कारण हेच आहे: प्रत्येक जण आपला तुकडा बघतो. म्हणून एवढं लक्षात ठेवा. टाच, घोटा, चाल यासाठी अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट. बधिरपणा आणि शुगर यासाठी मधुमेहाचे डॉक्टर. त्यांच्याकडे वर्षातून एकदा तरी चप्पल काढून पाय पुढे करा, त्यांनी विचारलं नाही तरी. संवेदना गेली असेल तर दर सहा महिन्यांनी, आणि एकदा जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. जखम, पू, काळं बोट यासाठी सर्जन. आपल्या सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, हे सगळे विभाग एका आवारात आहेत.

जखमेभोवती लाली पसरतेय, वास येतोय, ताप आला, बोट काळं-निळं पडलं, तर सकाळची वाट बघू नका. पाय एकदम थंडगार, पांढरा पडून भयंकर दुखायला लागला तर हातात साधारण सहा तास असतात.

दर वर्षी कोजागरीच्या सुमाराला सोलापुरातून तुळजापूरला लोक चालत निघतात. साधारण ४५ किलोमीटर, बरेच जण अनवाणी. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांची वाट चालणारे असतात. मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना देवळाच्या तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालणारे असतात; अशीच एक प्रदक्षिणा घालून दुसऱ्या दिवशी दोन्ही तळव्यांना फोड घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांना भाजल्याचं कळलं होतं ते मोज्याला पाणी लागल्यावर. ज्यांच्या पायाला संवेदना आहे त्यांनी खुशाल चालावं. लहान फोड फोडू नये, स्वच्छ झाकावा. ज्यांनी त्या सहा जागांच्या परीक्षेत दोन चुकवल्यात, त्यांनी बूट-मोजे घालून, दर तासाला बसून, मोजे काढून, तळवा डोळ्यांनी बघत चालावं, आणि आधी जखम होऊन गेली असेल तर गाडीनं जावं. एकदा भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. नवस कसा फेडावा हे सांगायचा मला अधिकार नाही. पण माझी आई यंदा देवीपुढे जे बोलली ते सांगते: "ह्यांचं चालणं मी चालते."

तिनं ते केलं. अण्णा गाडीनं गेले आणि तुळजापुरात महाद्वाराशी तिची वाट बघत बसले.

रोज रात्री जेवणानंतर आई पलंगाशी स्टूल ओढते. चष्मा लावते, मोबाइलची बॅटरी लावते आणि अण्णांच्या पायाचं एकेक बोट विलग करून बेचकीत बघते. ती गावाला गेली तर अण्णा दाढीचा आरसा फरशीवर ठेवून त्यावर पाय धरतात. आणि सकाळी बाहेर पडताना दोन्ही चपला उंबऱ्यावर आपटतात, मग आत हात घालून बोटानं टाचेपासून चवड्यापर्यंत चाचपत नेतात. तो खिळा त्यांनी टाकलेला नाही. काडेपेटीत घालून कोनाड्यात ठेवलाय.